57 साक्षीदार आणि निकालाविना राहिलेली कैफियत

बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांच्याविषयी लिहिताना एक वाक्य हमखास येते: मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 1982 मध्ये त्यांना सिमेंट प्रकरणात दोषी ठरवले आणि त्यांचे मुख्यमंत्रिपद गेले. हे वाक्य इतक्या ठिकाणी आणि इतक्या वर्षांपासून छापले जात आहे, की ते तपासून पाहावे असे फारसे कुणाला वाटत नाही. निकालपत्रे समोर ठेवून तारखा लावत गेले, की ते टिकत नाही. 12 जानेवारी 1982 रोजी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी जो निकाल दिला, तो रिट अर्जावरचा होता. त्या कामात कुणी आरोपी नव्हता. आरोपपत्र नव्हते, साक्षीदारांचा पिंजरा नव्हता आणि शिक्षेचा प्रश्नही नव्हता. फौजदारी खटला वेगळा होता. तो आधीच दाखल झाला होता आणि पुढे दहा वर्षे न्यायालयांत फिरत राहिला.

हा फरक केवळ वकिली कीस नाही. अंतुल्यांचे विरोधक लेंटिन निकालालाच शिक्षा समजत राहिले. त्यांचे चाहते, शिक्षा झाली नाही त्याअर्थी माणूस निर्दोष होता, असे सांगत राहिले. कागदपत्रांतून दिसणारी गोष्ट या दोन्हींहून निराळी आहे आणि माझ्या मते महाराष्ट्राच्या दृष्टीने जास्त क्लेशाची आहे.

आधी माणूस आणि काळ. अंतुले रायगड जिल्ह्यातल्या आंबेतचे. लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन आले आणि 1962 पासून विधानसभेत बसले. फेब्रुवारी 1980 मध्ये शरद पवारांचे पुलोद सरकार बरखास्त झाले, निवडणुका झाल्या आणि 9 जून 1980 रोजी अंतुले मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्राचे ते पहिले मुस्लिम मुख्यमंत्री. संजय गांधींचा त्यांच्यावर विश्वास होता, आणि शपथविधीनंतर बरोबर 14 दिवसांनी, 23 जूनला, संजय गांधी विमान अपघातात गेले. दिल्लीतला आधार असा अचानक गेल्यावर अंतुल्यांनी थेट इंदिरा गांधींच्या नावाशी स्वतःला बांधून घेतले. ज्या न्यासावरून पुढे सारे रामायण घडले, त्याचे नाव ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ असावे, यात मला या धडपडीचाच भाग दिसतो.

त्यांच्या दीड वर्षाच्या कारभाराची नोंद सरकारी कागदांत पक्की आहे. निराधारांना दरमहा अनुदान देणारी संजय गांधी निराधार योजना त्यांचीच. कुलाबा जिल्ह्याचे नाव 1981 च्या सुरुवातीला रायगड झाले. 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग आणि औरंगाबादेतून जालना असे दोन नवे जिल्हे निघाले. भवानी तलवार इंग्लंडहून परत आणण्याची घोषणा त्यांनी केली आणि त्यासाठी खटपटही केली. कोकणातल्या माणसाला ‘आपला’ मुख्यमंत्री मिळाला होता. झटपट निर्णय घेणारा आणि फाईल अडकवून न ठेवणारा, ही त्यांची ख्याती त्यांचे टीकाकारही नाकारत नसत. निराधार योजनेचे पैसे ज्या म्हातारीच्या हातात पडत होते, तिला सिमेंटचे पोते कुणाला मिळाले याच्याशी कर्तव्य नव्हते. त्या प्रेमाला खोटे किंवा विकत घेतलेले ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

पण सिमेंटचे पोते कुणाला मिळाले, हा त्या काळातला साधा प्रश्न नव्हता. सिमेंट नियंत्रित होते. कारखान्यातून निघणाऱ्या मालाचा भाव सरकार ठरवी, राज्याराज्यांचा कोटा केंद्र ठरवी आणि राज्याच्या वाट्याला आलेल्या मालातून कुणाला किती द्यायचे, हे परवान्यावर ठरे. घराचा एक ओटा बांधायचा असला, तरी माणूस पुरवठा कार्यालयात अर्ज घेऊन उभा राही. सरकारी भावात आणि काळ्या बाजारातल्या भावात मोठे अंतर होते. परवाना हाती आला, म्हणजे त्या अंतराएवढी रक्कम हाती आल्यासारखेच होते. मुंबईत इमारती उभ्या करणाऱ्या बिल्डराला हे गणित तोंडपाठ होते. अशा व्यवस्थेत वाटपाचा शेवटचा अधिकार ज्याच्या सहीत असतो, त्याने कुठल्याही कामासाठी देणगी मागितली, तर ती केवळ देणगी राहत नाही. लेंटिन निकालाचा सारा भार याच मुद्द्यावर आहे.

31 ऑगस्ट 1981 रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’ने अरुण शौरी यांचा लेख छापला. त्यात न्यासांची नावे होती आणि पैसे कसे जमले याचा तपशील होता. मुख्य न्यास साहित्य-कलावंतांना मदत करण्यासाठी स्थापन झालेला इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान. त्याच्या जोडीला अंतुल्यांच्या गावाच्या, मतदारसंघाच्या आणि कोकणाच्या नावाने चालणाऱ्या संस्था होत्या. साखर कारखान्यांकडून देणग्या आल्या आणि बिल्डरांकडूनही आल्या. संसदेत गदारोळ झाला. पंतप्रधानांच्या नावाला त्यांची संमती होती की नव्हती, यावर कित्येक दिवस खल चालला.

पुढच्या दोन आठवड्यांतल्या तारखा बारकाईने पाहण्यासारख्या आहेत, कारण नंतरचा सगळा गुंता तिथेच सुरू होतो. लेख आला 31 ऑगस्टला. दुसऱ्याच दिवशी, 1 सप्टेंबर 1981 रोजी, मुंबईतले भाजपचे नेते रामदास श्रीनिवास नायक यांनी राज्यपालांना पत्र लिहून मुख्यमंत्र्यांवर खटला भरण्याची मंजुरी मागितली. 1947 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 6 प्रमाणे पदावरच्या लोकसेवकावर खटला चालवायचा, तर अशी मंजुरी लागे. तिची वाट न पाहता 11 सप्टेंबरला नायकांनी मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात फिर्याद दाखल केली. ज्या गुन्ह्यांना मंजुरी आवश्यक होती, त्यांची दखल घ्यायला दंडाधिकाऱ्यांनी नकार दिला.

म्हणजे एका बाजूला नायकांची फिर्याद आणि दुसऱ्या बाजूला समाजवादी कार्यकर्ते प. बा. सामंत आणि इतरांचा उच्च न्यायालयातला रिट अर्ज, अशा दोन वाटा एकाच वेळी चालू होत्या. लोकांच्या आठवणीत त्या एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. रिट अर्जात मागणे होते, ते सिमेंटवाटपातल्या अधिकाराच्या गैरवापराबद्दल. अशा अर्जात पुरावा असतो तो प्रतिज्ञापत्रांचा आणि कागदांचा. वाटपाचे आदेश आणि देणगीचे धनादेश शेजारी शेजारी ठेवून लेंटिन यांनी त्यांचा संबंध तपासला आणि वाटप व देणगी यांच्यात देवाणघेवाणीचे नाते आहे, असा निष्कर्ष काढला. निकाल आला त्याच दिवशी अंतुल्यांनी राजीनामा दिला. तो 20 जानेवारी 1982 पासून अंमलात आला आणि बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले. हेच लेंटिन पुढे जे. जे. रुग्णालयातल्या ग्लिसरॉल मृत्यूंच्या चौकशीसाठी घरोघरी माहीत झाले. त्यांच्या निर्भीडपणाबद्दल महाराष्ट्राने कायम कृतज्ञ असावे. पण त्यांनी अंतुल्यांना गुन्हेगार ठरवलेले नाही. तो त्या अर्जाचा विषयच नव्हता.

आणखी एक गोष्ट इथेच नोंदवायला हवी. निकालानंतर दीड महिन्यात, 28 फेब्रुवारी 1982 रोजी, केंद्र सरकारने सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः उठवले. कारखान्यांना मालाचा काही भाग खुल्या बाजारात विकायची मुभा मिळाली. परवान्याच्या ज्या किमतीभोवती हे सारे प्रकरण उभे होते, ती किंमतच ओसरू लागली. त्या निर्णयाचे श्रेय या प्रकरणाला देण्याइतका पुरावा मी मांडू शकत नाही. दोन घटना एकापाठोपाठ घडल्या, इतकेच.

आता फौजदारी वाट. मुख्यमंत्र्यावर खटल्याला मंजुरी द्यायची, तर राज्यपालांनी मंत्रिमंडळाचा सल्ला घ्यायचा की नाही? मंत्रिमंडळाचा प्रमुखच आरोपी असेल, तर त्या सल्ल्याला काय अर्थ? या कामात राज्यपालांनी स्वतःच्या विवेकाने ठरवावे, हे राज्य सरकारने न्यायालयापुढे मान्य केले. पुढे मुख्यमंत्री-मंत्र्यांवरच्या खटल्यांत हा मुद्दा वारंवार उद्धृत होत राहिला. त्याचा उगम या प्रकरणात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. 28 जुलै 1982 रोजी राज्यपालांनी मंजुरी दिली, पण ती मोजक्याच आरोपांपुरती. तिच्या आधारे नायकांनी 9 ऑगस्टला विशेष न्यायाधीश भुट्टा यांच्यापुढे नवी फिर्याद दाखल केली. ती 1982 चा विशेष खटला क्रमांक 24.

अंतुल्यांच्या बाजूने पहिला आक्षेप आला, की अशा गुन्ह्यात खासगी माणसाला थेट फिर्याद करताच येत नाही, पोलिसांनी तपास करूनच खटला भरला पाहिजे. भुट्टा यांनी 20 ऑक्टोबरला तो फेटाळला. 15 जानेवारी 1983 रोजी राज्य सरकारने अधिसूचना काढून हे काम विशेष न्यायाधीश सुळे यांच्याकडे सोपवले. त्यांच्यापुढे दुसरा आक्षेप आला. अंतुले आता मुख्यमंत्री नसले तरी आमदार आहेत, आमदार हा लोकसेवक आहे, सबब आमदार म्हणूनही मंजुरी हवी, आणि ती नाही. सुळे यांनी हे मान्य केले आणि 25 जुलै 1983 रोजी अंतुल्यांना आरोपमुक्त केले. एकाही साक्षीदाराचा शब्द ऐकला गेला नव्हता.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 16 फेब्रुवारी 1984 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. खासगी फिर्याद चालते, हा एक. आमदार हा भारतीय दंडसंहितेच्या कलम 21 प्रमाणे लोकसेवक नाही, हा दुसरा. न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांचा हा दुसरा निकाल मन लावून वाचावा असा आहे. सरकारच्या नोकरीत असलेला किंवा सरकारकडून वेतन घेणारा, अशी कायद्याची व्याख्या. आमदाराला वेतन तर मिळते. मग? देसाई 1860 च्या मूळ संहितेपासून निघतात, संथानम समितीच्या शिफारशींवरून 1964 मध्ये झालेल्या दुरुस्तीपर्यंत येतात आणि दाखवतात, की आमदाराचे वेतन विधिमंडळाने ठरवलेले असते. ज्या कार्यकारी सरकारवर त्याने अंकुश ठेवायचा, त्या सरकारचा तो पगारी माणूस नव्हे. शिवाय, ज्या पदाचा गैरवापर झाल्याचा आरोप आहे ते पद सुटले असेल, तर नव्या पदासाठी पुन्हा मंजुरी लागत नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले.

इथवर निकाल स्वच्छ होता. शेवटी मात्र पीठाने एक पाऊल पुढे टाकले. फिर्याद होऊन सुमारे अडीच वर्षे झाली आणि खटला इंचभरही सरकलेला नाही, लवकर निकाल लागणे आरोपीच्याच हिताचे आहे, असे म्हणत पीठाने हा खटला विशेष न्यायाधीशांकडून काढून मुंबई उच्च न्यायालयाच्या विद्यमान न्यायमूर्तींकडे दिला आणि तो शक्यतो रोजच्या रोज चालवावा, असे सांगितले. हेतूबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पण 1952 च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमात कलम 7 होते, आणि हे गुन्हे फक्त विशेष न्यायाधीशानेच चालवायचे, असे ते सांगत होते.

उच्च न्यायालयात आधी न्यायमूर्ती खत्री आणि मग न्यायमूर्ती डी. एन. मेहता यांच्यापुढे काम चालले. अधिकाराबद्दलचा आक्षेप अंतुल्यांनी तेव्हाच घेतला होता. सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे म्हटल्यावर तो ऐकला जाणार नव्हता, आणि एप्रिल 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो ऐकला नाही. जुलै 1985 पर्यंत फिर्यादीच्या बाजूचे 57 साक्षीदार तपासून झाले. या सबंध प्रकरणात शपथेवर बोललेली माणसे सलग उभी राहिली ती एवढीच, आणि एवढाच काळ. मेहता यांनी 21 बाबींवर आरोप ठेवले आणि 22 नाकारले.

नायक पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्या बाजूने राम जेठमलानी लढत होते. 17 एप्रिल 1986 रोजी सरन्यायाधीश भगवती आणि न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र यांच्या पीठाने नाकारलेले आरोपही ठेवायला सांगितले, फक्त एक वगळून. तो वगळलेला आरोप कलम 384 चा, म्हणजे धाकदपटशाने पैसे उकळण्याचा. ज्यांची प्रकरणे सरकारदरबारी पडून आहेत, त्यांच्याकडे मुख्यमंत्र्यांनी देणगी मागितली म्हणून त्या माणसांना इजेची भीती घातली, असे पुराव्यावरून दिसत नाही, असे पीठाचे म्हणणे. लाचेचा आणि पदाच्या गैरवापराचा प्रथमदर्शनी पुरावा आहे, खंडणीचा नाही. आजही वर्तमानपत्री आठवणींत अंतुल्यांनी बिल्डरांकडून खंडणी घेतली असे सर्रास लिहिले जाते. तेवढाच एक आरोप न्यायालयाने पुराव्याच्या पहिल्या चाळणीतच बाजूला काढला होता. बाकीचे सगळे उभे ठेवले होते. दोन्ही बाजूंनी हे एका दमात सांगावे, अशी माझी अपेक्षा आहे.

पुढच्या टप्प्यात काम न्यायमूर्ती पी. एस. शाह यांच्याकडे गेले. 24 जुलै 1986 रोजी त्यांनी 79 बाबींवर आरोप निश्चित केले. अंतुल्यांनी जुनाच आक्षेप घेऊन पुन्हा दिल्ली गाठली आणि खटल्याला स्थगिती मिळाली.

29 एप्रिल 1988. सात न्यायमूर्तींचे पीठ, पाच विरुद्ध दोन असा निकाल. बहुमताचा मुख्य निकाल न्यायमूर्ती सब्यसाची मुखर्जी यांचा. 1984 ची बदली कायद्याला सोडून होती. खटला कुठल्या न्यायालयात चालावा हे कायदेमंडळ ठरवते, न्यायालय स्वतःहून ते अधिकार निर्माण करू शकत नाही. विशेष न्यायाधीशापुढे खटला चालला असता, तर आरोपीला उच्च न्यायालयात अपिलाची एक पायरी मिळाली असती. ती त्याच्याकडून त्याचे म्हणणे न ऐकता काढून घेतली गेली, आणि ती फक्त त्याच्याच बाबतीत. न्यायालयाच्या चुकीने कुणाचे नुकसान होता कामा नये. सबब 16 फेब्रुवारी 1984 च्या त्या आदेशानंतरची सारी कार्यवाही रद्द. न्यायमूर्ती वेंकटचलय्या आणि रंगनाथन यांनी वेगळे मत दिले. अंतिम झालेला निकाल असा त्याच न्यायालयात उघडता येणार नाही, यावर त्यांचा भर होता. 1986 मध्ये आरोप वाढवायला सांगणाऱ्या पीठातले रंगनाथ मिश्र यावेळी बहुमतात होते.

त्या काळी अनेकांनी या निकालाला पळवाट म्हटले. मला ते पटत नाही. लोकांना न आवडणाऱ्या माणसाचे अपील काढून घेणे सगळ्यात सोपे असते, आणि एकदा ते चालते असे ठरले, की त्याचा पहिला फटका मुख्यमंत्र्याला बसत नाही, बिननावाच्या आरोपीला बसतो. सात जणांनी पाच जणांची चूक सुधारली, हे बरोबरच झाले. पण त्या दुरुस्तीत 57 साक्षी रद्द झाल्या आणि 79 आरोप निघून गेले. खटला 1982 च्या जागी परत आला. मधल्या सहा वर्षांत काय सिद्ध झाले आणि काय झाले नाही, याला कायद्याच्या लेखी काही किंमत उरली नाही.

त्यानंतर अंतुल्यांनी वेगळा मुद्दा मांडला. इतका विलंब झाल्यावर खटलाच रद्द व्हावा. 10 डिसेंबर 1991 रोजी घटनापीठाने न्यायमूर्ती जीवन रेड्डी यांच्या निकालात लवकर खटला चालणे हा राज्यघटनेच्या कलम 21 खालचा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले, त्यासाठी 11 तत्त्वे घालून दिली, मुदतीची ठाम सीमा मात्र आखली नाही. अंतुल्यांचा खटला रद्द करायला नकार दिला. कच्च्या कैदेत वर्षानुवर्षे पडलेल्या माणसांचे वकील आजही अर्जात ‘अंतुले प्रकरण’ असा दाखला देतात.

फौजदारी न्यायालयाने अंतुल्यांना या आरोपांवर दोषी ठरवले नाही. दरम्यान मतदारांनी आपले काम केले. 1989 मध्ये कुलाबा मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठवले, 1991 आणि 1996 मध्ये पुन्हा पाठवले. 1995 मध्ये ते केंद्रात आरोग्यमंत्री झाले, 2006 मध्ये अल्पसंख्याक कामकाज मंत्री. फिर्यादी रामदास नायक यांची 1994 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत गोळ्या घालून हत्या झाली, आणि त्या हत्येचा धागा शहरातल्या टोळ्यांकडे जात होता. अंतुले 2 डिसेंबर 2014 रोजी वारले.

विरोधकांकडे लेंटिन यांचा निकाल आहे, चाहत्यांकडे निराधार योजना आहे, सिंधुदुर्ग आहे. दोन्ही खरे आहे. मधली जी जागा उलटतपासणीतून भरायची होती, ती रिकामी राहिली, आणि तिथे ज्याने त्याने आपापला निकाल भरला. न्यायमूर्ती मेहतांपुढे 57 जणांनी जे सांगितले, ते पुरावा म्हणून 1988 मध्ये बाद झाले. इतिहासाचे साधन म्हणून ते बाद होण्याचे कारण नाही. परवान्याचे राज्य कसे चालत होते, देणगीची चिठ्ठी कोण नेत होते, अधिकारी कुठे नाही म्हणाले आणि कुठे गप्प बसले, हे शपथेवर सांगितले गेल्याचा महाराष्ट्रातला असा दुसरा दस्तऐवज मला माहीत नाही. लोकमान्यांच्या 1908 च्या खटल्याचे कामकाज छापून निघाले आणि पिढ्यांनी वाचले. या साक्षींचेही पूर्ण, असंपादित मुद्रण राज्याच्या दर्शनिका विभागाने किंवा एखाद्या विद्यापीठाने हाती घ्यावे. त्यात अंतुल्यांची बाजू मांडणाऱ्या वकिलांचे प्रश्नही तितक्याच काळजीने छापले जावेत.